पणजी व मुंबई येथील दोन वैद्यकशाळा : गुणदोषांचा तौलनिक विचार

१

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्रमार्गानें एकमेकींस जवळ अशा दोन शहरांत, दोन निरनिराळ्या परकी सत्तांनीं पाश्चात्य वैद्यक शिकविण्याच्या दोन संस्था उभारिल्या. पहिली पणजीची ‘एस्कोला मेदिकु-सिरुर्जिका’ म्हणजे वैद्यक व शस्त्रवैद्यक यांची शाळा. हिची स्थापना ता. ५ नोव्हेंबर १८४२ ची. दुसरी मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज. हिच्या अध्यापनास आरंभ १८४५ सालीं झाला. तीन वर्षांच्या अंतरानें जन्मलेल्या या दोन संस्थांचीं चरित्रें इतकीं भिन्न झालीं कीं, त्यांस बहिणी म्हणण्यास मन धजत नाहीं; तथापि दोघींच्या घरीं शिकून गेलेल्या मंडळींत कोंकणी-मराठी बोलणाऱ्या कुळांचा भरणा मोठा असल्यामुळें आपल्या दृष्टीनें दोघींचा इतिहास एकत्रच पाहिला पाहिजे.

या दोन शाळांविषयीं दोन मतें रूढ आहेत. गोमंतकाचे अभिमानी आपल्या शाळेस ‘आशियांतील पहिली’ म्हणून गौरवितात. उलट मुंबईकडील मंडळी पणजीच्या शाळेचा उल्लेख करतात तो बहुधा कींव केल्यासारखा, आणि ग्रँट कॉलेजास सर्व गुणांचें आगर मानतात. दोन्ही मतांत अभिमानाचा अंश अधिक व विवेकाचा कमी आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून मूळ, द्रव्य, भाषा, अधिकार, फल आणि देशी वैद्यकाशीं संबंध अशा सहा कसोट्यांवर दोन्ही शाळांस लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. वकिली करणें हा हेतु नाहीं. ज्याच्या पदरांत जें पडेल तें घालावें इतकाच आहे.

२

प्रथम मुळाचा विचार करूं. जुन्या गोव्यांतील राज-रुग्णालय सोळाव्या शतकापासूनचें. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल हा १६०८ सालीं तेथें रोगी म्हणून राहिला होता व त्यानें त्या रुग्णालयाची मनापासून वाखाणणी केली आहे. याच रुग्णालयाच्या आश्रयानें वैद्यक शिकविण्याचे प्रयत्न सतराव्या शतकाच्या अखेरीपासून होत आले, आणि १८०१ सालापासून मुख्य राजवैद्य अंतोनियु झुझे द मिरांद इ आल्मैद यांच्या हाताखालीं तेथें वर्ग चालूं झाला. पुढें राजधानी पणजीस आली, रुग्णालयहि आलें, आणि गव्हर्नर कोंदि दास आंताश याच्या कारकीर्दींत, तत्कालीन मुख्य वैद्य मातेउश सेझारियु रोद्रिगिश मोआशु यांच्या खटपटीनें १८४२ सालीं त्या वर्गास शाळेचें रूप आलें.

मुंबईचें मूळहि १८४५ चें नव्हे. एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकीर्दींत, १८२६ सालीं, डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं येथें एक देशी वैद्यकशाळा निघाली होती. तिच्यांत शिक्षण देशी भाषांतून देत असत. ही शाळा सहा वर्षें चालून १८३२ सालीं सरकारनें बंद केली. नंतर रॉबर्ट ग्रँट हा १८३५ सालीं गव्हर्नर होऊन आला, त्यानें डॉ. चार्ल्स मोरहेड यांस हाताशीं घेऊन नव्या विद्यालयाचा विचार सुरू केला. परंतु ता. ९ जुलै १८३८ रोजीं दापोडी येथें ग्रँटचा अंत झाला, आणि ज्या विद्यालयाचा त्यानें संकल्प केला तेंच त्याचें स्मारक होऊन बसलें.

आतां ‘आशियांतील पहिली’ या पदवीचें काय? कलकत्त्याचें मेडिकल कॉलेज जानेवारी १८३५ मध्यें व मद्रासची वैद्यकशाळा त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत निघाली. तेव्हां १८४२ हा सन धरला तर ही पदवी टिकत नाहीं. १८०१ चा वर्ग धरावयाचा तर गोव्याचें जुनेपण पुष्कळ वाढतें. पण मग कलकत्त्याची १८२२ ची व मुंबईची १८२६ ची देशी शाळा याहि त्याच न्यायानें धराव्या लागतात. एका शाळेचें वय गर्भाधानापासून मोजावें व दुसरीचें बारशापासून, हा व्यवहार इतिहासांत चालत नाहीं. आमच्या प्रस्तुत तुलनेपुरता निर्णय मात्र स्वच्छ आहे : वर्ग धरा कीं संस्था धरा, मुंबईपेक्षां पणजी वडील आहे. पहिल्या कसोटीवर पणजीचें पारडें जड.

३

दुसरी कसोटी द्रव्याची. येथें तुलना जवळजवळ संपतेच. ग्रँटच्या स्मरणार्थ मुंबईच्या लोकांनीं वर्गणी जमविली व सरकारनें तींत आपला वांटा घातला. त्याच सुमारास शेट जमशेटजी जिजीभाई यांनीं रुग्णालयासाठीं एक लाख रुपये देऊं केले. रुग्णालय व विद्यालय यांच्या कोनशिला १८४३ सालीं भायखळ्यास शेजारीं शेजारीं बसल्या, आणि १८४५ सालीं दोन्हींचीं दारें उघडलीं. विद्यार्थ्यानें व्याख्यान ऐकून उठावें आणि पांच मिनिटांत रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहावें, अशी ही रचना होती. मोरहेड हे पहिले प्रिन्सिपॉल. त्यांचा सारा भर खाटेजवळच्या शिक्षणावर असे, आणि १८५६ सालीं प्रसिद्ध झालेला हिंदुस्थानांतील रोगांविषयींचा त्यांचा द्विखंड ग्रंथ हा याच अनुभवाचें फळ होय. पुढें हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे १८५८ सालीं मुंबईस येऊन येथें शारीरशास्त्र शिकवूं लागले. ज्या ग्रे यांच्या शारीरग्रंथावर जगांतील डॉक्टरांच्या पिढ्या वाढल्या, त्यांतील चित्रें यांच्याच हातचीं.

पणजीस यांतलें कांहींच नव्हतें. तेथील रुग्णालय मुख्यत्वें सैनिकांचें. ज्या रुग्णालयांत शिपाई व सरकारी नोकर यांचीच भरती, तेथें स्त्रियांचे रोग, प्रसूति व बालरोग यांचें प्रत्यक्ष ज्ञान विद्यार्थ्यास कितीसें मिळणार? शिक्षक थोडे, आणि तेहि आरोग्यखात्याचीं इतर कामें संभाळून शिकविणारे. पुस्तकें, उपकरणें व विच्छेदनाचीं साधनें अपुरीं. पोर्तुगालहून आलेल्या प्रमुखांनींच या दैन्याविषयीं तक्रारी केल्या, आणि शाळा मोडून टाकावी असाहि विचार पुढें आला होता. गोव्यांत जमशेटजी नव्हता. एक दर्यावर्दी व्यापाराची पेठ आणि एक ओहोटीस लागलेलें राज्य यांच्या तिजोऱ्यांत जें अंतर, तेंच त्यांच्या शाळांत पडलें.

परंतु यास दुसरी बाजूहि आहे. इतक्या दैन्यांत जी शाळा मोडली नाहीं, ती कोणीतरी टिकवून धरिली असली पाहिजे. ती धरिली गोमंतकीय कुटुंबांनीं. त्यांस आपल्या मुलांसाठीं घराजवळ दुसरा उच्च विद्येचा मार्गच नव्हता, म्हणून त्यांनीं ही शाळा आपली मानली व तिच्यासाठीं ते बोलत राहिले. लक्षाधीशाच्या देणगीवर उभी राहिलेली संस्था आणि लोकांच्या गरजेवर तगलेली संस्था यांत बळ कोणाचें अधिक, हा प्रश्न वाचकांनीं विचारांत घ्यावा. तरीहि रोगी, खाटा, ग्रंथ व शिक्षक हे वैद्यकाचे प्राण असल्यानें दुसऱ्या कसोटीवर आम्ही निःसंशय मुंबईच्या बाजूनें कौल देतों.

४

तिसरी कसोटी भाषेची. आणि आमच्या मतें या साऱ्या विषयाचा गाभा येथें आहे.

मॅक्लेनन यांच्या शाळेंत मराठी व गुजराथी यांतून शिकविण्याचा प्रयत्न झाला. त्याकरितां त्या भाषांत पाश्चात्य वैद्यकाचीं पुस्तकें तयार करून छापण्यांत आलीं. शाळा सहा वर्षांत मोडली. कारण सांगण्यांत आलें तें असें कीं, अपेक्षेप्रमाणें फळ आलें नाहीं. सहा वर्षें हा अवधि एखाद्या शास्त्रास नवी परिभाषा घडविण्यास किती अपुरा आहे, हें कोशकार्यांत हात घातलेल्या कोणासहि सांगावयास नको. परंतु कलकत्त्यासहि १८३५ सालीं हाच न्याय झाला. तेथील देशी शाळा मोडून इंग्रजी कॉलेज निघालें. वारें तिकडचें होतें. ग्रँट कॉलेजाच्या जन्माच्या वेळीं इंग्रजी हीच शिक्षणाची भाषा ठरली.

यांत लाभ झाला नाहीं असें आम्हीं म्हणणार नाहीं. इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यास युरोपांतील नवीन शोध ताबडतोब वाचतां आले. भाषांतर होण्याची वाट पाहावी लागली नाहीं. हें न झालें असतें तर मुंबईचा पदवीधर विलायतेच्या पदवीधराशीं बरोबरीनें वाद करूं शकला नसता. पण तोटाहि तितकाच खरा. इंग्रजी शाळेंत जाण्याची ज्यांस ऐपत नव्हती, त्यांस दार बंद झालें. त्यामुळें १८६१ च्या सुमारास सरकारास त्याच कॉलेजांत मराठी व गुजराथी वर्ग पुन्हां उघडावे लागले. कारण गांवोगांवच्या दवाखान्यांस कमी पगाराचीं माणसें हवीं होतीं. म्हणजे १८३२ सालीं पुढच्या दारानें बाहेर घालविलेली मराठी १८६१ सालीं मागच्या दारानें आंत आली. पण आतां ती पदवीची भाषा राहिली नव्हती, हाताखालच्या नोकराची भाषा झाली होती.

गंमत अशी कीं, या उपेक्षित वर्गासाठींच मराठींतील वैद्यकवाङ्मय जन्मास आलें. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी, डॉ. सखाराम अर्जुन प्रभृति ग्रँट कॉलेजाच्या शिष्यांनीं या वर्गास शिकविलें व त्या निमित्तानें शास्त्रीय विषय मराठींत मांडले. सखाराम अर्जुन यांची मराठी वैद्यकीय पुस्तकें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांस ठाऊक आहे कीं, आज आपण सहज वापरतों ते कित्येक शब्द या मंडळींनीं प्रथम कसास लावून पाहिले. पुढें १८७८ सालीं पुण्यास भायरामजी जिजीभाई यांच्या नांवाची वैद्यकशाळा निघाली, ती याच परंपरेंतली; तिचें रूपांतर कॉलेजांत झालें तें १९४६ सालीं.

पणजीस भाषेचा प्रश्न याहून कठीण होता. तेथें शिक्षण पोर्तुगीजमधून. १६८४ सालीं कोंदि द आल्व्होर यानें लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला होता. त्या धोरणाची छाया पुढील शिक्षणावर पडलेलीच होती. कोंकणी वा मराठी यांतून वैद्यक शिकविण्याचा, मॅक्लेनन यांनीं केला तसा, सहा वर्षांचाहि प्रयोग या शाळेंत झाला नाहीं. परिणाम असा कीं, पोर्तुगीज ज्यांच्या घरांत पूर्वींच शिरली होती त्या ख्रिस्ती कुटुंबांचीच मुलें शाळेंत बहुसंख्य राहिलीं, आणि नव्या काबिजादींतील हिंदु समाज १९१० च्या प्रजासत्ताकानंतर समान हक्क मिळेपर्यंत बहुतांशीं बाहेर राहिला.

या कसोटीवर निर्दोष कोणीच नाहीं. पण मुंबईनें चुकून कां होईना, मराठीस कांहीं दिलें. पणजीनें दिलें नाहीं. म्हणून येथेंहि मुंबईचें पारडें किंचित् खालीं जातें.

५

चौथी कसोटी अधिकाराची : शिकून बाहेर पडलेल्याच्या पदवीस मोल काय?

पणजीच्या पदवीधरास स्वदेशीं व्यवसाय करतां येई, पण पोर्तुगालांत नाहीं. तेथें व्यवसाय करावयाचा तर लिस्बन, पोर्तु किंवा कुईंब्र येथें पुन्हां शिकून परीक्षा द्यावी लागे. पोर्तुगीज वसाहतींच्या आरोग्यखात्यांत त्यास जागा मिळे; परंतु ती दुसऱ्या वर्गाची. पहिला वर्ग पोर्तुगालांत शिकलेल्यांसाठीं राखलेला. वयानें व अनुभवानें वडील असलेला गोमंतकीय वैद्य कालच लिस्बनहून आलेल्या तरुणाच्या हाताखालीं राबे, असा हा क्रम होता.

यावर मुंबईच्या अभिमान्यांनीं फार हुरळून जाण्याचें कारण नाहीं. ग्रँट कॉलेजाची पदवी मोठी, परीक्षा कडक, १८६० पासून मुंबई विश्वविद्यालयाशीं संबंध जडलेला. हें सर्व खरें. पण सरकारी नोकरींत या पदवीधरासाठीं जी पायरी होती तिचें नांव ‘सब-असिस्टंट सर्जन’. वरच्या वैद्यकीय नोकरीची स्पर्धापरीक्षा १८५५ सालापासून हिंदी लोकांस खुली झाली, परंतु ती होई लंडनास. समुद्र ओलांडण्याचा खर्च व बहिष्काराचें भय ज्यास सोसेल त्यासच ती खुली. दोन साम्राज्यें, दोन भाषा, दोन शाळा. पण ‘शिका, मात्र दुसऱ्या पायरीवर उभे राहा’ हें वचन दोघांचें एकच.

भेद इतकाच कीं, मुंबईच्या पदवीधरास नोकरी झुगारण्याची सोय होती. मुंबई वाढत होती. गिरण्या, गोद्या, पेढ्या यांनीं शहर भरत होतें. खाजगी व्यवसायावर डॉक्टर प्रतिष्ठेनें जगूं शके. गोव्यांत अशी पेठ नव्हती. म्हणून तेथील पदवीधरास नोकरी पत्करून मोझांबीक, अंगोला, तिमोर अशा दूरदेशीं जावें लागे. या कसोटीवरचें मुंबईचें श्रेष्ठत्व शाळेपेक्षां शहराचें अधिक आहे, हें न्यायदृष्टीनें सांगितलें पाहिजे.

६

पांचवी कसोटी फळाची. झाड कसें हें फळावरून ओळखावें.

ग्रँट कॉलेजाची पहिली पदवीधर तुकडी १८५१ सालीं बाहेर पडली. त्या मूठभर मंडळींत भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, सेबास्तियन कार्व्हाल्यो व जोझे कामिल्लु लिझबोआ हे होते. आत्माराम पांडुरंग हे १८६७ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे संस्थापक. लिझबोआ हे वनस्पतिशास्त्रांत नांव मिळविलेले. भाऊ दाजींविषयीं तर आमच्या वाचकांस काय सांगावें? अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, रुद्रदाम्याचा गिरनारचा शिलालेख, कालिदासाचा काल या विषयांवर त्यांनीं केलेलें काम व त्यांनीं जमविलेला हस्तलिखितांचा संग्रह हीं आपल्या शास्त्राचीं पायाभूत साधनें आहेत. एका हातानें नाडी पाहणारा व दुसऱ्या हातानें ताम्रपट उलगडणारा हा पुरुष त्या कॉलेजाच्या पहिल्याच वेतावरचा.

आणि येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. भाऊ दाजींचा जन्म गोव्यांतील मांद्र्याचा. लिझबोआ व ग्रँट कॉलेजाचेच दुसरे शिष्य डॉ. अकासियु व्हिएगश हेहि गोमंतकीयच. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग आहे हें प्रथम ओळखून सांगणारे ते हेच व्हिएगश. आणि त्या प्लेगाची लस हाफकिन यांनीं तयार केली तीहि ग्रँट कॉलेजाच्याच इमारतींत, व ता. १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. नाणकशास्त्रज्ञ व मुंबईच्या मूळ इतिहासाचे लेखक डॉ. झेर्सन द कुन्य हे व व्हिएगश दोघेहि एकाच हडफडें गांवचे. तेहि मुंबईस येऊन मग विलायतेस गेलेले. म्हणजे मुंबईच्या ज्या फळांचा आपण गौरव करतों, त्यांतील कित्येकांचें बीज गोव्याच्या मातींतलें.

मग पणजीच्या शाळेचें फळ कोणतें? तें आपणांस दिसत नाहीं, कारण तें समुद्रापार पडलें. आफ्रिकेंतील पोर्तुगीज मुलखांत देवी टोंचणें, सांथीशीं झुंजणें, लष्करी व नागरी दवाखाने चालविणें हें काम दीर्घकाळ गोव्याच्या पदवीधरांनीं ओढलें. दुसऱ्या वर्गाच्या पगारावर, तापाच्या प्रदेशांत, आप्तांपासून दूर. त्यांपैकीं पुष्कळांचीं नांवें कोणत्याहि पुतळ्यावर नाहींत. आमच्या मतें या शाळेच्या गुणांत ही सेवा प्रथम मांडली पाहिजे. मात्र ती ज्या वसाहतवादी व्यवस्थेच्या चाकास जुंपली गेली होती, तिचा डागहि त्याबरोबर सांगितला पाहिजे.

शिवाय विद्वत्तेच्या बाबतींतहि शाळा वांझ राहिली नाहीं. जंतुशास्त्रज्ञ फ्रोइलानु द मेलु हे हिचे विद्यार्थी व पुढें हिचे प्रमुख झाले. डॉ. जेर्मानु कुर्रैय यांनीं शाळेंत अध्यापन करून पोर्तुगीज हिंदुस्थानाच्या इतिहासावर अनेक खंड लिहिले आणि तेथील वैद्यक-शिक्षणाचा वृत्तान्तहि सिद्ध केला. मुंबईच्या वैद्यांनीं पुराणवस्तु पाहिल्या, पणजीच्या वैद्यांनीं दप्तरें. हा योग केवळ आकस्मिक नसावा. लक्षणांवरून रोग ठरविण्याची संवय ज्यास लागली, त्यास त्रुटित अक्षरांवरून लेख लावण्याची गोडी लागणें स्वाभाविक आहे.

७

सहावी कसोटी देशी वैद्यकाची. आणि येथें दोन्ही शाळा अपराधी ठरतात.

गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या औषधिसंवादांत देशी वनस्पतींचीं नांवें व देशी वैद्यांचीं मतें नोंदलेलीं आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत राहिलेला लिन्स्खोटेन लिहितो कीं, खुद्द व्हाइसरॉय व धर्मगुरु हेहि हिंदु वैद्यांकडून औषध घेत. त्यानंतर १६१८ सालीं नगरसभेनें या वैद्यांवर परीक्षेचें बंधन घालून त्यांची संख्या तीसांवर मर्यादित केली. वैद्य हवा, पण मोजून हवा, असा हा भाव. १८४२ ची शाळा निघाली तेव्हां ओर्तानें उघडलेला संवाद तिनें पुढें चालवावा ही अपेक्षा रास्त होती. तें झालें नाहीं. गोव्यांतील आयुर्वेद शाळेबाहेरच जगला. फोंड्याचे दादा वैद्य यांच्यासारख्या पुरुषांनीं तो घराण्याच्या विद्येवर जगविला.

महाराष्ट्रांतहि आरंभ याहून बरा होता. १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत पाठशाळा उघडली तेव्हां शास्त्रांच्या मालिकेंत वैद्यकहि होतें. ग्रँट कॉलेजाच्या मांडणींत त्यास स्थान राहिलें नाहीं. परंतु येथेंहि शाळेनें जें केलें नाहीं तें तिच्या शिष्यांनीं केलें. भाऊ दाजींनीं कवटी या देशी झाडाच्या बियांच्या तेलावर कुष्ठरोगाचा उपाय शोधिला. सखाराम अर्जुन यांनीं मुंबईच्या बाजारांतील देशी औषधींची यादी इंग्रजींत सिद्ध केली. आणि डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं वाग्भटाचें ‘अष्टाङ्गहृदय’ अरुणदत्ताच्या टीकेसह संशोधून १८८० सालीं मुंबईस छापविलें. पाश्चात्य वैद्यकांतील सर्वोच्च पदवीचा धनी वाग्भटाच्या पोथ्यांचे पाठभेद लावीत बसला आहे, हें चित्र ज्यांस ग्रँट कॉलेजाचें खरें भूषण वाटत नसेल त्यांच्याशीं आमचा मतभेद आहे.

८

आतां तराजूच्या दोन्ही दांड्या एकदम पाहूं. १८५० च्या सुमारास बार्देशांतील एखाद्या तरुणानें आम्हांस विचारलें असतें कीं, ‘मीं कोठें शिकावें?’, तर आम्हीं काय सांगितलें असतें? पणजीस गेला तर घर जवळ, खर्च थोडा, भाषा ओळखीची, नोकरी बहुधा ठरलेली. पण रोगी थोडे, ग्रंथ थोडे, पदवी अर्धी आणि नोकरी समुद्रापार दुसऱ्या वर्गाची. मुंबईस गेला तर इंग्रजी नव्यानें शिकणें, परक्या शहराचा खर्च, कडक परीक्षा. पण रुग्णालय मोठें, शिक्षक नामांकित, पदवी पक्की आणि नोकरी न मिळाली तरी शहर पोसावयास समर्थ. विद्येच्याच दृष्टीनें पाहणाऱ्यास आम्ही मुंबई सांगितली असती, आणि ज्यांस साधलें त्यांनीं तसेंच केलें, हें वर दिलेल्या नांवांवरून दिसतें.

पण ज्यांस साधलें नाहीं त्यांचें काय? त्यांच्याकरितां पणजीची शाळा नसती तर ते वैद्य झालेच नसते. म्हणून आमचा निर्णय असा : शिक्षणाच्या गुणांत मुंबई श्रेष्ठ, आणि दुर्बळास हात देण्यांत पणजी. एकीनें उंची वाढविली, दुसरीनें पोंच वाढविली. दोघींचा समान दोष असा कीं, ज्या लोकांच्या शरीरावर त्या विद्या शिकवीत होत्या त्यांच्या भाषेंत त्यांनीं ती विद्या मनापासून सांगितली नाहीं. मुंबईचा मराठी वर्ग हा या दोषाचा अर्धवट परिहार होता, आणि तो अर्धवट राहिला म्हणूनच आजहि मराठी भाषक रोग्यास आपल्या रोगाचें नांव दुसऱ्याच्या भाषेंत ऐकावें लागतें.

दोन्ही संस्था आज जिवंत आहेत. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाल्यावर पणजीची शाळा १९६३ सालीं गोवा मेडिकल कॉलेज झाली व पुढें बांबोळीस गेली. ग्रँट कॉलेज भायखळ्यास आपल्या जुन्या रुग्णालयाशेजारींच आहे. संस्था टिकल्या; त्यांच्या शिष्यांचे कागद टिकतील कीं नाहीं हा प्रश्न आहे.

म्हणून आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंती करून हा लेख संपवितों. जुन्या घरांत पोथ्या शोधतांना शके व संवत् पाहून आपण निवड करतों, आणि एकोणिसाव्या शतकाचा कागद ‘अलीकडचा’ म्हणून बाजूस सारतों. तसें करूं नये. वैद्यघराण्याच्या बाडांत संस्कृत श्लोकांशेजारीं मोडींत ‘कोयनेल’ची मात्रा लिहिलेली आढळली, मॅक्लेनन यांच्या काळचें छापील मराठी वैद्यकपुस्तक उधईनें खाल्लेलें सांपडलें, मराठी वर्गांतील विद्यार्थ्याच्या टांचणांची वही मिळाली, किंवा गोव्याच्या एखाद्या घरांत आफ्रिकेहून आलेल्या वैद्याच्या पत्रांची जुडी निघाली, तर ती रद्दी नव्हे. दोन वैद्यकें ज्या कागदावर प्रथम समोरासमोर बसलीं तो तोच कागद आहे. शाळांनीं जो संवाद घडवून आणला नाहीं तो अशा बाडांतून आधींच चाललेला होता. तें बाड जेथें असेल तेथें त्याची नोंद करावी, घराण्याचें नांव व गांव टिपावें, आणि शक्य तर नक्कल करून ठेवावी. मोठ्या शाळांचा न्याय आम्हीं केला; या वह्यांचा न्याय होणें अजून बाकी आहे.